हात नसलेलं बोट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. मी एक जुनं पोलादी बोट आहे. नुसतं बोट! हात नाही, मनगट नाही, शेजारी अंगठा नाही. तरीही एके काळी मला पाहून भले भले कारखानदार घाम पुसायचे, आणि एका संध्याकाळी तर मी कुणाचीही मदत न घेता चाळीस पाळणाघरं वाचवली.

हसू नका. आणि काचेला नाक लावू नका. डाग पडतो. माझी पेटी पुसायला माणूस येतो तो महिन्यातून एकदा, तोही आठवण झाली तर. मधले तीस दिवस पहारेकरी पेटीवर आपली टोपी ठेवतो. ज्याच्या टोकावर माणसांचे जीव अवलंबून होते, त्याची आता खुंटी झाली आहे!

माझा जन्म लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, झाला. लेथवाले काका भलतेच चिकाटीचे. मला घासायचे, मोजायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. शिंपी कोटासाठी घेत नसेल एवढी मापं त्यांनी माझी घेतली. मोठ्या माणसाच्या बोटाची जाडी, पुढे गोल टोक आणि तुमच्या बोटांसारखेच एका बाजूला काटकोनापर्यंत वाकणारे दोन सांधे. मागे एक तबकडी आणि धरायला मूठ. मुठीतून एक बारीक तार निघायची ती थेट एका चिमुकल्या दिव्याला जायची. ती तार म्हणजे माझं शेपूट. शेपूट जोडलेलं असेल तर मी राजा. नसेल तर मी नुसता लोखंडाचा तुकडा. मग काही करा, दिवा लागायचं नाव नाही.

माझं काम एकच, बोट घालणं. ज्या कामासाठी तुमच्या पाठीत घरी धपाटा बसतो, त्याच कामासाठी मला इथे शाबासकी मिळायची.

तुमच्या घरातला मिक्सर, टोस्टर, केस वाळवायचं यंत्र, थंडीत लावायचा हीटर, या सगळ्यांचे नमुने दुकानात जाण्याआधी या चाचणीघरात येतात. कारण वीज फार उतावळी आहे. तिला एका जागी बसवत नाही. सारखी जमिनीकडे जायची वाट शोधत असते. त्या वाटेत तुम्ही आलात तर ती तुमच्यातून जाते. तुमच्यावर तिचा राग नसतो. तिला तुम्ही दिसतच नाही, फक्त वाट दिसते.

म्हणून तारेला एक आवरण घालतात, ज्यातून वीज बाहेर येऊ शकत नाही. पण आवरण म्हटलं की ते आज ना उद्या उन्हानं तडकणार, उष्णतेनं कडक होणार, उंदीर त्याला कुरतडणार. मग शहाण्या माणसांनी ठरवलं की एकावर भरवसा नको. यंत्राचं अंग धातूचं असेल तर त्याला हिरवी-पिवळी तार जोडायची. आवरण फाटून वीज बाहेर आलीच तर ती त्या तारेनं जमिनीत जाईल, तुमच्या हाती लागणार नाही. आणि अशी तार नको असेल तर एकावर एक दोन आवरणं घालायची. आज घरी गेल्यावर एखादं यंत्र उलटं करून बघा. आधी बटण बंद करा, मग प्लग काढा, आणि मगच उलटं करा! त्यावर चौकोनाच्या आत चौकोन दिसला की समजा, यानं कोटावर कोट घातलाय.

पण कोट कितीही घातले तरी त्यांना खिसे असतातच. हवा आत जायला भोकं, कचरा काढायला झाकण, धूळ अडवायला जाळी. त्या खिशात एखादं बोट गेलं तर ते विजेपर्यंत पोचतं का, हे बघायला मी. तुमच्या मऊ बोटाच्या ऐवजी माझं पोलादी बोट आत जायचं. त्या वेळी यंत्राला घरातली वीज जोडलेली नसायची, माझ्या शेपटात फक्त दिव्यापुरती चिमूटभर असायची. जिथे एरवी वीज खेळते अशा भागाला माझं टोक लागलं की दिवा लागायचा. दिवा लागला की यंत्र नापास.

एकदा तर केस वाळवायच्या एका यंत्राला माझ्या गुदगुल्या झाल्या. ते असं शिंकलं म्हणता, की मी खिडकीतून उडालो आणि समोरच्या दुकानात दाढीला बसलेल्या माणसाच्या कानात जाऊन बसलो. तो म्हणाला, "जरा डावीकडे खाजवा."

"थाप!" असं कोण म्हणालं? त्या वेण्यांवाल्या मुलीनं वाटतं. बरं, ती थाप. पुढचं मात्र खरं आहे.

माझ्या मालकीणबाईंना सगळे 'भिंगवाल्या बाई' म्हणायचे. गळ्यात भिंग, हात मागे बांधलेले, आवाज हळू. बाई मला कधी जोरानं खुपसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "अरे, लेकराचं बोट जोर लावत नाही. ते सहज जातं, म्हणून तर भीती." आणि त्यांचा एक नियम होता, जो इथल्या भिंतींनासुद्धा पाठ आहे. 'जे हातानं निघतं ते आधी काढा, मग बोट घाला.' जे झाकण, जी जाळी पेचकसाशिवाय निघते ती घरातलं कुणीतरी कधीतरी काढणारच. ती तिथे नाहीच असं समजून तपासायचं.

बाईंच्या हाताखाली एक तरुण आला. कामाला चोख, पण पायाला भिंगरी. चालताना पळायचा, बसल्या जागी गुडघा हलवायचा, चहा उभ्याउभ्या प्यायचा आणि जीभ भाजून घ्यायचा. बाईंनी त्याचं नावच पाडलं, चुळबुळे. पलीकडच्या खोलीत आवरणांची परीक्षा असते. यंत्रावर एक मिनिटभर विजेचा प्रचंड दाब द्यायचा आणि आवरण फुटतं का बघायचं. त्या एका मिनिटात कुणी कशाला हात लावायचा नाही, नुसतं उभं राहायचं. बाई पुतळ्यासारख्या उभ्या राहायच्या. आणि हा इकडचा पाय तिकडे, तिकडचा इकडे.

"चुळबुळे, मिनिट साठच सेकंदांचं असतं."

"इथलं जरा मोठं आहे, बाई."

असा हा माणूस. मूठ धरायचा तेव्हा त्याच्या तळव्याची धडधड मला कळायची. त्याच्या सहवासात मीही बिघडलो. मला पेटीत स्वस्थ पडवेना.

आता त्या दिवसाची गोष्ट. बाईंचा पाय मुरगळला होता, त्या घरी होत्या. चाचणीघर प्रथमच चुळबुळेंच्या एकट्याच्या सहीवर चालणार होतं. आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या आईच्या डोळ्याची पट्टी सुटणार होती. आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली होती. दोन वर्षं त्या माउलीला नुसतं धुकं दिसत होतं. संध्याकाळी पाच वाजता पट्टी काढणार होते आणि आईनं बजावलं होतं, "पहिलं तोंड तुझं बघणार. डॉक्टरांचं नको, नर्सबाईंचं नको. तुझं."

सकाळपासून हा माणूस घड्याळाकडे इतक्या वेळा बघत होता की घड्याळाला लाज वाटली असेल.

त्या दिवशी एकच नमुना होता, खोली गरम करणारा पंख्याचा हीटर. ठेंगणा, गुबगुबीत, पांढरा, पाठीवर चौकोनात चौकोन. सोबत त्याचे कारखानदार. पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्या भावाबरोबर काम करणारा साधा माणूस, बोटांना अजून डिंक लागलेला. ते बाहेरच्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले.

चुळबुळेंनी इथल्या रिवाजाप्रमाणे हीटरवर नमुन्याच्या नंबराची चिकटपट्टी लावली. नंबर एकसष्ट. हीटर सगळीकडून गोलमटोल, सपाट जागा फक्त मागच्या बाजूला, धुळीच्या जाळीपाशी. तिथेच त्यांनी पट्टी दाबून बसवली. अर्धी जाळीवर, अर्धी अंगावर. पट्टीमागचा गुळगुळीत कागद टेबलावर टाकला तर बाई रागावतात, म्हणून तो खिशात घातला. आणि इथला दुसरा रिवाज असा की एकदा लावलेली नंबराची पट्टी कुणी सोडवायची नाही. पट्टी सुटली तर नमुना बदलला अशी शंका येते आणि सगळी चाचणी पहिल्यापासून.

लक्षात आलं? जाळी हातानं वर सरकवली की निघत होती. पण आता तिला आमच्याच पट्टीनं धरून ठेवलं होतं.

हीटरनं विजेचा दाब छान सोसला. विजेची गळती नावालाच. मग मी. समोरून गेलो, काही नाही. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, काही नाही. मग मागून. जाळीची भोकं मुंगीच्या दाराएवढी. मी टेकलो, थांबलो. आणि मला कळलं की जाळी हलली. केसभर. एखादा पडणारा दात जिभेला लागल्यावर हलतो ना, तशी. मी ओरडलो, "हलली! अहो, हलली!" पण चुळबुळेंचे डोळे घड्याळावर. चार वाजून पाच मिनिटं. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली, माझं शेपूट काढलं, गुंडाळून भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं, मला फडक्यानं पुसलं आणि पेटीत झोपवलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाई.

"झालं का रे?"

"झालं, बाई. पास. काहीच सापडलं नाही."

"हातानं निघणारं सगळं काढलं होतंस?"

"यात हातानं काही निघतच नाही."

बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षांत असं यंत्र मी पाहिलं नाही बाबा."

"मग आज बघायला मिळालं असतं. तुम्हीच नव्हता!"

"वात्रटा. जा आता, आई वाट बघत असेल."

बाहेर कारखानदार उभेच होते. "साहेब?"

"पास झालात. कागद सकाळी सही-शिक्का मारून मिळेल."

त्या माणसानं दोन्ही हातांनी चुळबुळेंचा हात धरला. "फार उपकार झाले. सकाळी गाडी भरतो. पहिली चाळीस यंत्रं चाळीस पाळणाघरांत जायची आहेत. रांगतात ना पोरं, फरशी गार असते."

"रांगतात," चुळबुळे म्हणाले. मग हात सोडवून घेतला आणि निघाले. दार लागलं. कुलपाचा आवाज आला.

मित्रांनो, त्या बंद खोलीत मी काय अवस्थेत पडलो होतो! अंगाखालचा मऊ कपडा काट्यांसारखा टोचत होता. माझ्या डोळ्यांपुढे – असू द्या, मला डोळे नाहीत – माझ्या टोकापुढे ती जाळी हलत होती. रांगणारं पोर कुठे जातं? जिथे जाऊ नको म्हणतात तिथे. काय ओढतं? जे हलतं ते. जाळी निघाली की तिथे काय करतं?

मग मी उठलो.

हो, उठलो! पेटीचं झाकण टोकानं ढकललं. सांधे वाकवून, सरळ करून, सुरवंटासारखा टेबलावरून निघालो. वाटेत पेन्सिल आडवी आली, तिच्यावरून उडी मारली. हीटरच्या पाठीवर चढलो, दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा पोचलो. पट्टीचा कोपरा टोकानं उचकटला आणि खेचला, चर्रर्र! जाळी खाली पडली. मागे हे एवढं भगदाड! मी आत शिरलो, पहिला सांधा वाकवला, आत एक वळण होतं, दुसरा सांधा वाकवला, आणि टोक जाऊन टेकलं ते नेमकं त्या स्क्रूवर, जिथे तापणाऱ्या तारेला वीज येऊन मिळते. त्याच क्षणी माझा दिवा लागला. असा लख्ख, की खिडकीवरची चिमणी सकाळ झाली समजून ओरडायला लागली!

आणि चुळबुळे? ते तेव्हा रुग्णालयात, ठरल्या वेळी, आईसमोर. बरोबर पाच वाजता पट्टी सुटली आणि आईनं पहिलं तोंड लेकाचं पाहिलं. त्यांना या कशाची गंधवार्ता नव्हती. सकाळी बाई लंगडत आल्या, दिवा पाहिला, भिंग लावून भगदाड पाहिलं आणि 'पास'वर आडवी रेघ मारली.

कारखानदार भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती सुटी जाळी हातात घेतली आणि बाकावर बसले. म्हणाले, "यातला एक माझ्या घरी आहे. नातीच्या खाटेशेजारी." आणि चप्पल घालायचंही विसरून ते घरी पळाले. नात ठीक होती. तीन आठवड्यांनी ते नवा नमुना घेऊन आले. जाळीला स्क्रू आणि आत दुसरी पक्की भिंत. मी वाकून वाकून दमलो, पण दिवा लागला नाही.

पुढे मी झिजलो. माप घेतलं तेव्हा टोकाला केसभर कमी भरलो, आणि केसभर झिजलेलं बोट खोटं पास देऊ शकतं. म्हणून मला काढून या काचेच्या पेटीत ठेवलं. शेपूट नव्या बोटाला दिलं. माझी तक्रार नाही. फक्त एवढीच विनंती आहे, मित्रांनो. तडकलेली तार, सैल झाकण, हाताला झिणझिण करणारं यंत्र दिसलं तर 'चालतंय की' म्हणू नका. मोठ्यांना सांगा. ओल्या हातानं प्लगला हात लावू नका. आणि माझ्यासारखं जे बोट एकटं, कुणाच्याही मदतीशिवाय –

"एक मिनिट."

ही परत तीच, वेण्यांवाली.

"तुमचं शेपूट तर खुंटीवर होतं."

कोणतं शेपूट?

"तारेचं. त्यांनी काढून गुंडाळून ठेवलं, असं तुम्हीच सांगितलंत. आणि शेपूट नसेल तर दिवा लागायचं नाव नाही, हेपण तुम्हीच सांगितलंत."

म्हणजे, काय झालं माहीत आहे का, त्या दिवशी शेपूट जरा –

"तार जोडायला हात लागतो. तुम्हाला हात नाही. मग दिवा कसा लागला? कुणीतरी जोडली. कुणी जोडली?"

मित्रांनो, मी कुणाला शब्द दिलेला नव्हता, पण ज्यानं आयुष्यभर मला हातात धरलं त्याची एक चूक मी इतकी वर्षं पोटात ठेवली होती. तुम्हाला सहलीत हिंडवून आणणारे ते पिकल्या मिशांचे साहेब मघापासून दाराशी उभे होते. भार या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. आता ते पुढे आले. पेटीवरची टोपी त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

"थापा मारतोय तो," ते मुलीला म्हणाले. "मला सांभाळून घेतोय. तार मी जोडली. आणि आधीची ती बरोबरची खूणसुद्धा मीच केली होती. फाटकापर्यंत गेलो होतो. रुमाल काढायला खिशात हात घातला, तर हातात त्या चिकटपट्टीचा गुळगुळीत कागद आला. बाईंचं बोलणं डोक्यात फिरतच होतं, आणि ती पट्टी मी जाळीवरच लावली होती. तिथून उलटा पळत आलो, पट्टी सोडवली, याला शेपूट लावलं, हीटरमध्ये घातला आणि दिवा लागला. मग कारखानदारांना गाठेपर्यंत, ते घरचा हीटर बंद करून आले हे कळेपर्यंत, सात वाजले."

"आणि तुमची आई?" मुलीनं विचारलं. "पाच वाजता पट्टी सुटणार होती ना?"

"सुटली की. पाचलाच." त्यांचे पाय पहिल्यांदाच एका जागी थांबले होते. "नर्सबाई सांगत होत्या, डोळे उघडा, उघडा आजी. माझी आई सात वाजेपर्यंत डोळे मिटून बसून होती."